पत्रा घ्यावा तो पारखून

गवताचे छप्पर वरचेवर शाकारावे लागते आणि वाऱ्याने वा माकडांनी हलविलेली कौले पावसाळ्यापूर्वी परतावी लागतात. या कटकटीतून सुटका व्हावी म्हणून नव्या घरावर पन्हळी पत्रा घालण्याकडे ग्रामीण भागात कल असतो. तो गैर नाही. परंतु बैल घेताना दात पाहणारा शेतकरी पत्रा घेताना मात्र केवळ भाव आणि चकाकी पाहतो, ही खेदाची गोष्ट होय. कर्ज काढून घातलेले छप्पर कर्ज फिटण्यापूर्वीच गळू लागले, तर ती स्वस्ताई कसली?

पत्र्याचे आयुष्य मुख्यतः त्याच्या जाडीवर व त्यावरील मुलाम्यावर अवलंबून असते. दुकानात जाडी गेजमध्ये सांगतात आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. गेजचा आकडा वाढला की जाडी घटते. २८ गेजचा पत्रा २४ गेजच्या पत्र्याहून पातळ असतो. म्हणून जाडी मिलिमीटरमध्ये, आणि तीही मुलामा व रंग वगळून, विचारणे अगत्याचे आहे.

जस्ताचा मुलामा प्रत्येक चौरस मीटरला किती ग्रॅम, असा दोन्ही बाजू मिळून मोजतात. १२० ग्रॅमचा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा डोळ्यांना सारखाच चकाकताना दिसतो. परंतु जस्त उघड्या हवेत हळूहळू झिजते व ते संपले की लोखंड गंजू लागते. साहजिकच एकाच हवेत दुसरा पत्रा पहिल्याच्या दुपटीहून अधिक टिकण्याची अपेक्षा असते. जाडी, मुलामा आणि आय.एस. २७७ हे भारतीय मानक यांचा पावतीवर उल्लेख करण्यास जो दुकानदार तयार नसेल, त्याच्याकडून पत्रा न घेणेच बरे.

सुमारे ५५ टक्के ॲल्युमिनियम व उरलेले बहुतांश जस्त अशा मिश्र मुलाम्याचे पत्रेही मिळतात. उघड्या हवेत ते चांगले टिकतात. मात्र ओला चुना व सिमेंट त्यांना बाधते. गोठ्यातील ओलावा व मूत्रातून निघणारा अमोनिया यांमुळेही हा मुलामा लवकर खराब होतो. घराला योग्य तोच पत्रा गोठ्यालाही योग्य, असे समजू नये. गोठ्यावर जाड जस्ताचा पत्रा घालून आढ्याशी हवा खेळण्यास वाट ठेवावी.

उत्तम पत्राही नीट न बसविल्यास व्यर्थ होय. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात असंख्य घरांवरील पत्रे व कौले उडाली. वारा छप्पर वरून दाबतो तसाच ते खालून उचलतोही, आणि हा जोर कडांना, कोपऱ्यांना व आढ्यापाशी सर्वांत अधिक असतो. तेथे स्क्रू किंवा हुकाचे बोल्ट जवळजवळ असावेत, वळचण फार बाहेर काढू नये आणि वासे भिंतीशी पक्के जखडावेत. पन्हळी पत्र्याला छिद्रे नेहमी उंचवट्यावर पाडावीत व बोल्टखाली वायसर घालावा. छिद्रे पाडताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून टाकावा. तो राहिल्यास तेथूनच गंजाचे डाग पडतात.

जाड पत्रा गरिबास परवडत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो खराही आहे. परंतु त्याचे उत्तर पातळ पत्रा हे नव्हे. ज्या घराची मंगलोरी कौले शाबूत आहेत, त्याने कुजलेले वासे तेवढे बदलावेत. वैशाखाच्या उन्हात असे घर उघड्या पत्र्याच्या घराहून सुसह्यही असते. ज्याला पत्राच हवा, त्याने या वर्षी एकच खण चांगल्या पत्र्याने झाकावा, दुसरा पुढील सुगीनंतर.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरकुलाचा हप्ता मिळवून देण्यावरच समाधान मानू नये. पत्रा खरेदी होण्यापूर्वी कुटुंबाबरोबर बसून वरील गोष्टी समजावून देणे हेही त्यांचे कर्तव्य होय. छप्पर गळू लागल्यावर दिलेला सल्ला कोणाच्याही उपयोगी पडत नाही.