वाढत्या अंगाची सायकल

ईदचे कपडे घेताना आपल्या घरांत एक रीत असते. मुलगा तेराचा असला तर कुर्ता पंधराच्या मापाचा घ्यायचा. ‘वाढतं अंग आहे, पुढच्या ईदलाही होईल.’ आम्हीही बाह्या दुमडतच मोठे झालो. गेल्या वर्षी हाच हिशेब आम्ही सायकलीला लावला आणि फसलो.

आमचं घर मुळशी तालुक्यात, पौडच्या अलीकडे. पंधरा मिनिटं गेलं की डांबर संपतं आणि लाल मातीची वाट लागते. भातखाचरांचे बांध, पुढे टेकडीचा काळा खडक. धाकट्याला तिथे चालवायला माउंटन बाइक हवी होती. दुकानात 26, 27.5 आणि 29 अशी तीन मापांची चाकं होती. दुकानदार म्हणाला, “सर, आता सगळे 29च नेतात.” आम्हाला वाटलं, मोठं चाक म्हणजे दोन वर्षं जास्त पुरेल. घेतली.

तिसऱ्या रविवारी एका उतारावर सायकल मध्येच अडली. धाकट्याने पाय टेकायला खाली सोडला, तो जमिनीला पोहोचलाच नाही. आधी दांडीवर आदळला, मग दगडांवर. मनगटाचं हाड चिरलं. प्लास्टर निघालं, पण पोरगा सायकलीकडे बघेना. अम्मी म्हणाल्या, “विकून टाक ती बला.”

विकण्याआधी आम्ही एकदा टेप घेऊन बसलो. हे दुकानात जाण्याआधीच करायला हवं होतं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की हे इंच म्हणजे टायरसकट चाकाची ढोबळ उंची. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास 26 मध्ये 559 मिलिमीटर, 27.5 मध्ये 584 आणि 29 मध्ये 622. म्हणजे 26 वरून 27.5 वर गेलात तर वाढ दीड नव्हे, एकच इंच. खरी उडी पुढची आहे. आणखी गंमत सांगतो. अब्बांच्या काळ्या सायकलीचं 28 चं चाक अजून माळ्यावर आहे. त्या दीड इंची टायरच्या रिमचा व्यास 635, म्हणजे 29 पेक्षा मोठा! म्हणून टायर-ट्यूब घेताना इंचावर जाऊ नका. टायरच्या कडेला 54-622 असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला शेवटचा आकडा वाचा.

मोठ्या चाकाचा फायदा खोटा नाही. दगड आडवा आला की मोठं चाक त्याला जरा सपाट कोनात भिडतं आणि वर चढतं. चार इंची दगडाचा हिशेब केला तर 26 आणि 29 मधला फरक दोनेक अंशांचाच निघतो, पण वाटेवर असे दगड शेकडो असतात. एका फेऱ्यात 29 चं चाक वीसेक सेंटिमीटर जास्त जातं. त्याच गिअरवर चढ तेवढाच जड लागतो, हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही. चाकही वजनदार, करवंदीच्या जाळ्यांमधल्या आखूड वळणांवर ते लहान चाकाइतकं चटकन वळत नाही.

मग चांगलं कुठलं? 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये झेक प्रजासत्ताकाचा कुल्हावी 29 वर सुवर्ण जिंकला आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर 27.5 वर रौप्य. दोघांत अंतर एका सेकंदाचं! तेव्हा आपण चाकावरून घरात भांडण्यात अर्थ नाही.

आमची चूक चाकात नव्हती, सांगाड्यात होती. सायकल पायांत घेऊन दोन्ही टाचा जमिनीवर टेकून उभं राहावं, तेव्हा दांडी आणि शरीर यांत किमान दोन इंच जागा हवी. धाकट्याला अर्धा इंचही नव्हती. सांगाड्याचं माप वेगळं असतं, ते वेगळं विचारावं लागतं. लहान सांगाड्यात 29 बसवलं तर वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला घासू शकतो, म्हणून बुटक्या मुलांना 26 किंवा 27.5 बरं.

हवेचंही तसंच. पंक्चरवाल्याने टायर दगडासारखा टणक भरला होता. ओल्या खडकावर असा टायर उसळतो आणि घसरतो. आम्ही ती तीस पौंडांच्या आसपास आणली. फार कमी केली तर रिम दगडावर आपटून ट्यूब चिमटते.

सायकल विकली नाही. थोरली आपा कॉलेजात आहे, उंचीने आमच्याएवढी. तिने टाचा टेकून दाखवल्या आणि दुसऱ्या दिवशी फज्रनंतर निघाली. खाला म्हणाली, “पोरीची जात, रानात सायकल?” अम्मींनीच उत्तर दिलं, “भाऊ पडला तेव्हा तुम्ही मुलांची जात म्हणाला नव्हता.”

धाकट्याला शेजारच्या गावातून जुनी 26 ची मिळाली, रंग उडालेली. पहिले दोन रविवार तो अंगणातच फिरला. तिसऱ्या रविवारी दोघं बरोबर गेले. परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि तक्रार एकच: आपा चढावर थांबत नाही.

आता दर महिन्याला तो 29 वर चढून टाचा टेकून बघतो. अजून दीड बोट बाकी आहे.