कार्नेगींचा उपदेश

अँड्र्यू कार्नेगींनी १८८५ साली पिट्सबर्गच्या तरुणांना केलेला धनार्जनाचा उपदेश आम्ही नुकताच वाचला. मद्य टाळा, सट्टा टाळा, शिल्लक टाका! एवढ्यानेच लक्ष्मी येती, तर आमची निम्मी कचेरी लक्षाधीश असती. कार्नेगींनी स्वतः काय केले? पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या नोकरीत असताना, त्याच रेल्वेसाठी शयनयाने बांधणाऱ्या कंपनीत त्यांनी अष्टमांश हिस्सा घेतला. तोही कर्ज काढून. आमच्यापैकी कोणी हे केले असते, तर खात्याची चौकशीच लागती! उपदेशात या हिश्श्याचा उल्लेख नाही. उरली काटकसर. पुण्यास मुलांचे आणि बदलीच्या गावी आपले, अशी दोन बिऱ्हाडे एका पगारात चालविणाऱ्यांस ती कार्नेगींनी शिकवावी काय?