मेलेला कावळा कुणाला कळवायचा?

मा. पशुसंवर्धन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
यांस

साहेब, जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. त्याच दिवसांत परभणीच्या मुरुंब्यात शेकड्यांनी कोंबड्या मेल्या, तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे जाणं साहजिकच. आमच्याकडे घरटी आठ-दहा गावठी, त्याही दिवसभर मोकाट.

म्हणूनच लिहितोय. वायंगणी भाताच्या मळ्यात सकाळी येऊन बघा. पाण्यात बगळे उभे, पलीकडे तळ्यात रानबदकं उतरलेली आणि बांधावर शेजारच्या काकूंच्या कोंबड्या तेच पाणी पितायत. रानबदकं बर्ड फ्लूचा विषाणू पोटात घेऊन बरेचदा धडधाकट हिंडतात. तो विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि गार पाण्यात बरेच दिवस टिकतो. पोल्ट्रीला जाळी लावता येते. उजाडताच खुराड्याचं दार उघडणाऱ्या घराने ती कुठे लावायची?

मागच्या थंडीत आमच्या फणसाखाली कावळा पडला. मान पिरगळलेली, चोच मातीत. पिंडाला कावळा शिवेना तर तासभर ताटकळणारे आम्ही. हा मात्र काठीने गडग्यापलीकडे ढकलला. मीच ढकलला. काकूंना म्हटलं, कळवूया का? म्हणाल्या, "आणि माझ्या कोंबड्या नेऊन मारल्या तर? राखणीला कोंबडा कुठनं आणू?"

त्यांची भीती खोटी नाही. कोंबड्यांत लागण ठरली की आसपासची पाळीव पाखरं मारतात. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पाखरांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर कळवणाऱ्याच्या हातात काहीतरी पडतं, लपवणाऱ्याच्या हातात पिसं. हे काकूंना आजवर कुणी सांगितलेलं नाही. दरही गावठी कोंबड्याच्या बाजारभावाजवळ जाणारा हवा, नाहीतर पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या नंबरला फोन कोण लावतोय?

आणि धोका पाखरांपुरताच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात ३ वाघ आणि १ बिबट्या याच रोगाने गेले. आमचं मांजर रात्री गडग्यापलीकडे जातं. आणि मरायला टेकलेली कोंबडी फुकट जाऊ नये म्हणून कापून, उघड्या हातांनी पिसं काढणारी घरं इथे आहेत. नीट शिजवल्यावर विषाणू मरतो हे सगळ्यांना पाठ आहे. धोका त्याआधी, सोलताना असतो, हे कुणाच्या गावी नाही.

तेव्हा पावसाळा संपताच प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एवढं लिहून घ्या: मेलेल्या पाखराला हात लावू नका, फोन इथे करा, पैसे असे मिळतील. आणि नमुना नेलात तर निकाल त्या घरी कळवा, पाखरू निरोगी निघालं तरी.

आपला,
दापोली तालुक्यातला एक कोंबडीवाला