नदीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी

समाजमाध्यमांवर अनोळखी माणसाशी वाद घालू नये, असं सांगणारी माणसं सहसा सभ्य असतात, वाचणारी असतात, गावात त्यांच्या शब्दाला मान असतो. त्यांचं म्हणणं असं : ज्याला आपण ओळखत नाही त्याचं मत आपल्या चार ओळींनी बदलत नाही. वेळ जातो, मन कडू होतं. खोट्या नावामागे कोण बसलंय ते कळत नाही. चारचौघांत एखाद्याला खोडून काढलं की तो आपला हट्ट आणखी घट्ट धरतो. आणि बोलायचंच असेल तर समोरासमोर बसून बोलावं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने जी शास्त्रपरंपरा जपली, तिच्यात समोरच्याचा पूर्वपक्ष त्याला स्वतःला मान्य होईल इतका चोख मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला सुरुवात करता येत नाही. म्हणून हे मुद्दे आधी मांडले. त्यातला एकही पोकळ नाही. तरीही त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि कृष्णाकाठच्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांसाठी तर तो घातक आहे.

कृष्णेच्या पुराचा वाद घ्या. पाटण तालुक्यात १०५.२५ टीएमसीचं कोयना धरण. कोयनेचं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं. सांगलीला लागून हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. मग कर्नाटकात हिप्परगीचं बॅरेज आणि त्याच्याही खाली आलमट्टी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर, २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर. २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. या नदीवर पाटणचा शेतकरी आहे, सांगलीच्या मारुती रोडचा दुकानदार आहे, बागलकोटचा प्राध्यापक आहे. ही माणसं एकमेकांना आयुष्यात कधी भेटत नाहीत. त्यांची गाठ पडते ती मोबाइलवर, आणि तीही नेमकी पाणी चढत असताना.

मग सुरू होतं. "कोयनेवाल्यांनी सांगली बुडवली." "आलमट्टीवाल्यांनी सांगली बुडवली." "तुम्ही नदीपात्रात घरं बांधली, म्हणून बुडालात." तिन्ही वाक्यं रागाची आहेत, पण तिन्हींमागे काहीतरी पाहिलेलं आहे. पाटणच्या माणसाने धरणात शिरणारा लोंढा पाहिलाय. धरणाच्या सुरक्षिततेसाठी दरवाजे कधी उचलावेच लागतात, हे त्याला ठाऊक आहे. सांगलीच्या माणसाने पाणी उतरायला किती दिवस लागले ते आपल्या भिंतीवरच्या खुणेवर मोजलंय. आणि बागलकोटचा माणूस अशा गावचा आहे, ज्याचा जुना मोठा भाग आलमट्टीच्या जलाशयात गेला आणि ज्याला शेजारी नवनगर वसवावं लागलं. आलमट्टी हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या किती सांगलीकरांना हे माहीत आहे? ते सांगू शकणारा माणूस आपल्या नात्यात नाही, आळीत नाही, आपल्या शाळेच्या गटातही नाही. नात्यातल्या, आळीतल्या, गटातल्या सगळ्यांच्या घरात आपल्यासारखंच पाणी शिरलं होतं आणि त्यांचं मत आपल्यासारखंच आहे. आपल्याला न दिसणारी नदी दाखवू शकतो तो फक्त अनोळखी माणूस, आणि तो आपल्याशी सहमत नसतो, म्हणूनच दाखवतो.

आलमट्टीचाच वाद पुढे नेऊन पाहू. सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर. कृष्णा पाणी तंटा लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी दिली आणि कर्नाटक ती मागत आहे. सांगलीची मागणी अशी की, भर पावसाळ्यात, ऑगस्टअखेरपर्यंत, पाणी ५१७ मीटरच्या वर ठेवू नये. पलीकडचा माणूस विचारतो, "धरण दोनशे किलोमीटरहून लांब, तेही खाली. पाणी चढावर येतं का?" याला शिवी हे उत्तर नव्हे. उत्तर असं की, साठलेल्या पाण्यामुळे वरच्या अंगाला नदीचा उतार कमी होतो, वेग मंदावतो, येणारं पाणी तुंबतं, आणि हा फुगवटा जलाशयाच्या सपाट पातळीच्या बराच वरपर्यंत जाणवू शकतो. यावर तो म्हणू शकतो, "जाणवू शकतो हे खरं, पण सांगलीपर्यंत जाणवतो का? तुमच्याच सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलेलं नाही." हेही खरं आहे. सांगलीतल्या पूरनियंत्रणाच्या चळवळीतल्या अभ्यासू लोकांना तो अहवाल मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सांगायची जबाबदारी मग आपल्यावर येते : हिप्परगीचे दरवाजे कोणत्या दिवशी कोणत्या स्थितीत होते, आलमट्टीत आवक किती, विसर्ग किती, आयर्विनला पाणी किती फूट होतं. वाद इथवर आला की त्यातली जात, भाषा, राज्य गळून पडतं आणि तारीख, वार, फूट, क्युसेक उरतात. अशा वादात हरणाराही काही घेऊन घरी जातो.

एक साधा हिशेब प्रत्येक कृष्णाकाठच्या माणसाला पाठ असावा. दिवसभर अखंड ११,५७४ क्युसेक सोडलं की एक टीएमसी होतो. म्हणजे एक लाख क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला तरी साडेआठ टीएमसीच्या थोडा वर जातो. कोणी रातोरात पन्नास टीएमसी सोडल्याचं लिहिलं तर त्याला खोटारडा म्हणायचं कारण नाही. भागाकार समोर ठेवायचा आणि विचारायचं, हे पाणी कोणत्या दरवाजातून गेलं? तो उत्तर देणार नाही कदाचित. पण तो मजकूर पुढे ढकलायला बोट उचललेली माणसं हा भागाकार वाचतील. मत बदलत नाही, हा आक्षेप इथेच गळून पडतो. चव्हाट्यावरचा वाद समोरच्यासाठी जेवढा असतो, त्याहून जास्त गप्प राहून वाचणाऱ्यांसाठी असतो. त्यांची मोजदाद कुठेच होत नाही, म्हणून वाद वाया गेला असं वाटतं.

"दुर्लक्ष करा, आपोआप विझतं" असं ज्यांना वाटतं, त्यांनी सातारा जिल्ह्यातलं पुसेसावळी आठवावं. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून तिथे जमाव चालून गेला, प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यातलं इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, जत तालुक्यातल्या लवंग्यात रस्ता विचारणाऱ्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होत्या. मजकूर फिरत असतो तेव्हा तो शेकडो शहाण्या माणसांच्या हातातून जातो. पोस्ट खरी आहे का, कुणी टाकली, कधीची आहे, एवढं त्यांतल्या थोड्यांनी जरी उघडपणे विचारलं तरी पुढच्या माणसाचा हात थबकतो. त्यांचं गप्प राहणं कुणालाच तटस्थ वाटत नाही. वाचणारा त्याला संमती समजतो.

समोरासमोर बसा, हा सल्ला मला मनापासून आवडतो. आटपाडीच्या पाणी परिषदांत दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांच्या साक्षीने एकत्र बसले आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी त्यांनी राज्यापुढे ठेवली. पण पाटण, सांगली आणि बागलकोट यांना एका सतरंजीवर बसवणारी परिषद कुठे आहे? लवादापुढे राज्यांचे वकील बोलतात. माणसांना बोलायला जागा आहे ती तेवढीच, हातातल्या मोबाइलवर.

भाषेच्या वादातही हेच घडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला आणि दोन्हीकडून अस्मितेचा धुरळा उडाला. तो उडवणाऱ्या बहुतेकांनी जत पाहिलेलं नव्हतं. कर्नाटकात जाण्याच्या तिथल्या गावांच्या २०१२ च्या ज्या ठरावांवरून हे सुरू झालं, त्यांचं मूळ पाणीटंचाईत होतं. हे जतचा माणूस मराठीत आणि कन्नडमध्येही सांगू शकत होता. त्याला कुणी विचारलंच नाही.

शिवीगाळीचं काय? गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. त्यांच्या विरोधकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८८८ मध्ये सुरू केलेल्या 'सुधारका'त त्यांनी त्यानंतरही युक्तिवादाने उत्तर देणं सोडलं नाही. त्यांच्या लेखणीला धार होती, पण ती मताला लागायची. शिवी आली म्हणून मुद्दा सोडणं म्हणजे शिवी देणाऱ्याला तो मुद्दा बक्षीस देणं होय. उलट शिवीतून मुद्दा वेचून काढावा, तेवढ्यालाच उत्तर द्यावं आणि शिवीला उत्तर देऊच नये. हे अवघड आहे. पण जमतं, आणि वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

सीमा आहेत, आणि त्या मी लपवणार नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर अनोळखी माणसांशी युक्तिवाद करत गावोगाव फिरले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. धमकी आली की वाद संपला, तिथे पुरावा जपून ठेवून पोलिसांत जायचं. एकच मजकूर पन्नास ठिकाणी चिकटवणाऱ्या खात्याला उत्तर एकदाच, तेही वाचणाऱ्यांसाठी. एखाद्या बाईने मत मांडलं की मुद्दा सोडून अंगावर येणाऱ्यांना त्या बाईने एकटीने तोंड द्यावं असं तर मुळीच नाही. तिथे बाकीच्यांनी बोलायचं असतं, विशेषतः पुरुषांनी, आणि सातारा-सांगलीत ते फार कमी होतं. पण या अपवादांना नियम करून सगळीच कवाडं लावून घेणं मला मान्य नाही.

पुढच्या पावसाळ्यात कोयनेचे सहा वक्राकार दरवाजे पुन्हा उचलले जातील आणि त्या रात्री सगळे गट पेटतील. सांगलीकरांनी त्या वेळी पाटणच्या, चिकोडीच्या, जमखंडीच्या अनोळखी माणसाला हाक मारावी. आपल्या पुलाची पातळी किती वाजता किती फूट होती ते लिहावं आणि त्याच्याकडची पातळी विचारावी. तो चुकतोय असं वाटलं तर त्याचं म्हणणं आधी त्याच्याच शब्दांत मांडून, मग का चुकतोय ते सांगावं. त्याचा आकडा बरोबर निघाला तर तिथेच, सगळ्यांसमोर, बरोबर म्हणावं. आणि जत-मिरजेत ज्यांना कन्नड येतं त्यांनी हे सगळं कन्नडमध्येही लिहावं, कारण नदीच्या पलीकडचा माणूस आपलं मराठी वाचत नाही.