ज्येष्ठांची वाट कोणी अडवली?

सकाळी साडेसहाच्या सुमारास पुणे-मुंबईच्याच काय, नाशिक-नागपूरच्याही एखाद्या गृहसंकुलाच्या वाहनतळात डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. डोक्याला कानटोपी, पायांत मुलाने आणून दिलेले नवे बूट, आणि उभ्या मोटारींच्या रांगांमधून मुकाट्याने फेऱ्या घालणारे पंचाहत्तरीचे आजोबा. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की ते उद्वाहनाने घरी जातात. फाटकाबाहेर पाऊल टाकण्याचे धाडस त्यांना होत नाही. बाहेर पदपथ आहे, परंतु त्यावर दुचाक्या उभ्या आहेत. रस्त्यावर उतरावे, तर शाळेच्या बसगाड्यांची आणि दूधवाल्यांची घाई. ज्या पिढीने शाळा, नोकरी, संसार आणि सामाजिक कार्य हे सारे पायी वा सायकलवरून केले, आणीबाणीत सत्याग्रह करून कारावासही भोगला, तिच्या वाट्याला उतारवयात वाहनतळातल्या फेऱ्या आल्या आहेत.

वृद्धांनी चालावे, हे सांगण्यासाठी आता कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्यकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यात आढळले. आपल्याकडे तर सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाला शंभर योजने चालण्याचा उपचार सांगितला आहे, आणि जेवणानंतरची शतपावली घराघरांत होती. भोजनोत्तर थोडे चालल्याने रक्तातील साखरेची उसळी कमी राहते, हे आजच्या तपासण्याही दाखवतात. मात्र पूर्वजांना सारेच ठाऊक होते, एवढ्या समाधानावर थांबणे सोपे असते. शतपावली ठाऊक असणाऱ्या समाजात ती घालणारे किती उरले, हा खरा प्रश्न आहे.

किती चालावे, याविषयी मात्र अकारण दडपण निर्माण झाले आहे. मनगटावरचे यंत्र दहा हजार पावलांचा आग्रह धरते आणि सहा हजारांवर दमलेले आजोबा स्वतःला अपराधी समजतात. हा दहा हजारांचा आकडा कोण्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या उपकरणाचे ते नाव होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या स्त्रियांची पावले मोजली गेली. दिवसाकाठी सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे फरक जवळपास थांबला. मधले अंतर १,७०० पावलांचे, म्हणजे वृद्धाच्या पावलाने साधारण एक किलोमीटरचे. घरापासून देवळापर्यंत जाऊन परत यावे, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली, पण त्याच्या जोडीला तोल आणि स्नायूबळ वाढवणारे व्यायामही सांगितले. हा दुसरा भाग आपल्याकडे कोणी ऐकतच नाही. खुर्चीचा आधार घेऊन टाचा उचलणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे, या साध्या क्रिया वृद्धाला पडण्यापासून वाचवू शकतात. आयुर्वेदाने व्यायामाला अर्धशक्तीची मर्यादा घातली आहे. तिचेही स्मरण असावे. छातीत दुखले, धाप लागली, भोवळ आली, तर फेरी पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. हिवाळ्यात पहाटे पाचला निघण्याचा अट्टहासही शहरांत सोडावा. त्या वेळी धूर आणि धूळ जमिनीलगत साचलेली असते. ऊन वर आल्यावर निघाल्याने कोणाचे शील बिघडत नाही.

हे सारे ठाऊक असूनही वृद्ध चालणे सोडतात. याचे पहिले कारण पडण्याचे भय, आणि दुसरे एकटेपण. पहिल्याची चर्चा निदान दवाखान्यात होते. दुसऱ्याची कोठेच होत नाही.

आषाढी वारीकडे या दृष्टीने पाहावे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यात पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटाची चढण. डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या बाया तो घाट चढतात आणि पाहणारे त्याला श्रद्धेचे बळ म्हणतात. श्रद्धा आहेच. परंतु दिंडीची रचनाही तितकीच विचारपूर्वक आहे. सामान मालमोटारीतून पुढे जाते, विसाव्याची ठिकाणे ठरलेली असतात, टाळ-मृदंग पावलांना ठेका देतात, आणि मुक्कामी एखादी माऊली दिसली नाही, तर तिची चौकशी होते. चालणाऱ्याच्या मागेपुढे कोणीतरी आहे. तीच बाई गावी परतल्यावर शेजारच्या गल्लीपर्यंत जायला नको म्हणते, यात नवल नाही.

संघाच्या शाखेनेही हेच साधले आहे, फक्त त्याचा आरोग्याच्या अंगाने विचार कधी झाला नाही. प्रभात शाखेत येणारा प्रौढ स्वयंसेवक घरून मैदानापर्यंत चालत येतो, थोडे व्यायाम आणि सूर्यनमस्कार करतो, प्रार्थना म्हणतो आणि चहाच्या निमित्ताने चार घटका बोलून परततो. चार दिवस आला नाही, तर गटनायक घरी जातो. अर्थात, जेथे जातो तेथे. अनेक ठिकाणी प्रौढांची शाखा आता ठरावीक पाच-सहा जणांची बैठक झाली आहे. गुडघेदुखीमुळे, पत्नीच्या आजारपणामुळे किंवा मुलाकडे राहायला गेल्यामुळे जो येईनासा झाला, त्याचे नाव यादीत राहते आणि माणूस विस्मरणात जातो.

स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. दिवसभर घरात चालतेच की, हे आजीचे ठरलेले उत्तर असते. घरातली हालचाल वाया जात नाही, हे खरे. पण ओट्यापासून कपाटापर्यंतच्या त्या येरझाऱ्यांत ना श्वासाची गती वाढते, ना ऊन मिळते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होतात. पायांवर भार देणारी नियमित चाल त्यांना पुरुषांहून अधिक आवश्यक असते आणि नेमकी तीच त्यांना मिळत नाही. सून नोकरीला, मुलगा नोकरीला, नातवाची शाळा आठला. सकाळची वेळ आजीची राहतच नाही. आजोबांच्या फेरफटक्याचे कौतुक करणाऱ्या किती घरांत ते परतेपर्यंत आजीने चहा तयार ठेवायचा असतो, याचा हिशेब पुरुषांनी एकदा करावा. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत घेण्यासारखा हा विषय आहे.

राहता राहिला रस्ता. पदपथाच्या बाबतीत कायदा आणि धोरण यांची आपल्याकडे वानवा नाही. भारतीय रस्ते परिषदेने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींसाठी काढलेल्या मानकांत पदपथाची चालण्यास मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची जमिनीपासून १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे म्हटले आहे. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१पासून डिसेंबरमध्ये लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा केला. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. प्रत्यक्षात शहरांतले पदपथ गुडघ्याएवढे उंच असतात, दर वीस पावलांवर मोटारीसाठी उतरतात आणि पुन्हा चढतात. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला ही कसरत झेपत नाही. तो रस्त्यावरून चालतो आणि मागून येणाऱ्या भोंग्याला घाबरून एक दिवस चालणेच सोडतो.

हा पदपथ अडवला कोणी? फेरीवाल्याचे नाव चटकन घेतले जाते. परंतु पदपथावर मोटार चढवून ठेवणारा सुशिक्षित मध्यमवर्गीय असतो. वाढदिवसाच्या फलकांचे बांबू रोवणारे कार्यकर्ते असतात. सर्व पक्षांचे असतात, राष्ट्रकार्याची भाषा बोलणारेही असतात. उत्सव संपून पंधरवडा उलटला, तरी मांडवासाठी खणलेले खड्डे बुजलेले नसतात, आणि त्या मंडळात आपलीच मुले असतात. हिंदू सणांवर टीका झाली की संतापणाऱ्यांनी त्या खड्ड्यात पाय मुरगळलेल्या हिंदू आजीचाही विचार करायला हवा. शताब्दी वर्षात संघाने मांडलेल्या पंच परिवर्तनात नागरी कर्तव्याचा समावेश आहे. त्याचा आरंभ करण्यासाठी परिसंवादाची आवश्यकता नाही.

एखाद्या शाखेने आपल्या मैदानापासून जवळच्या देवळापर्यंत किंवा दवाखान्यापर्यंतचा एक किलोमीटर निवडावा. तरुण स्वयंसेवकांनी एखाद्या रविवारी दोन वृद्धांना बरोबर घेऊन तो त्यांच्या गतीने चालावा, आणि ते जेथे अडतील, थबकतील किंवा आधार शोधतील, ती प्रत्येक जागा वहीत टिपावी. कोठे बाक हवा, कोठे उतार हवा, कोठे दिवा नाही, कोठे कोणाची गाडी उभी असते. गाडी ओळखीच्याची असेल, तर त्याच्याशी त्याच दिवशी बोलावे. फलक आपल्यांचा असेल, तर तो आपणच उतरवावा. उरलेली यादी प्रभाग कार्यालयात द्यावी आणि दर महिन्याला तेथे जाऊन विचारावे. दरम्यान, वाहनतळात फेऱ्या घालणाऱ्या त्या आजोबांच्या घरी जाऊन, उद्या सकाळी सात वाजता खाली कोणीतरी थांबलेले असेल, एवढे सांगून यावे. आजीलाही सांगावे.