अंगणातल्या कोंबडीचा वैद्य कोण?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे पावणे आज कारखान्यांच्या गराड्यात उभे आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि या अवधीत या पट्ट्यातील भातखाचरे, मिठागरे व गोठे बहुतांशी नाहीसे झाले. शेती गेली, गुरे गेली. परंतु जुन्या गावठाणांतील आगरी-कोळी घरांच्या मागल्या दारी कोंबडीचे खुराडे मात्र अजून आढळते. उरलासुरला भात आणि अंगणातले किडे यांवर कोंबडी जगते, आणि तिच्या अंड्यांचे पैसे बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहतात. अशी कोंबडी आजारी पडली तर तिला कोणाच्या दारी न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही.

या प्रश्नाची कसोटी पाहणारा एक विकार आहे. अंडे घातल्यानंतर कोंबडीच्या गुदद्वारातून लालभडक, ओलसर मांसल गोळा बाहेर लोंबू लागतो. गायी-म्हशींच्या बाबतीत ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार होय. एरवी अंडे घालताना अंडनलिकेचा शेवटचा भाग क्षणभर उलटून बाहेर येतो, विष्ठेचा स्पर्श होऊ न देता अंडे बाहेर सोडतो आणि लगेच आत जातो. स्नायू थकलेले असले, अंडे फार मोठे असले किंवा कोंबडीच्या पोटात चरबी साचलेली असली, की तो भाग बाहेरच राहतो. त्याचा लाल रंग दिसताच खुराड्यातल्या इतर कोंबड्या त्यावर चोच मारू लागतात. एकदा रक्त दिसले की त्या थांबत नाहीत. आतडीसुद्धा बाहेर ओढली जातात. सकाळी धडधाकट दिसलेली कोंबडी दुपारी मेलेली आढळते आणि घरची माणसे मुंगसाला दोष देतात.

पहिला तास

या विकारात औषधापेक्षा वेळेला महत्त्व अधिक. कोंबडीला तत्काळ वेगळी काढून डालग्याखाली ठेवावे आणि डालग्यावर कापड टाकून अंधार करावा. त्यानंतर लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम, म्हणजे सुमारे सपाट दीड चमचा मीठ विरघळवून त्या पाण्याने बाहेर आलेला भाग हळुवार धुवावा. सूज फार असेल तर साखरेचा गार, दाट पाक दहा-पंधरा मिनिटे लावून ठेवल्यास सुजेतील पाणी शोषले जाते. मग पाक धुऊन टाकावा, रबरी हातमोजा घालून बोटाला व्हॅसलीन लावावे आणि तो भाग मध्यापासून आत, सावकाश, जोर न लावता ढकलून मिनिटभर धरून ठेवावा. आत अंडे अडकल्याचे हाताला जाणवले तर ते फोडण्याचे धाडस करू नये. ते काम पशुवैद्याचे. हळद, राख, रॉकेल, चुना यांपैकी काहीही त्या नाजूक त्वचेवर चोळणे म्हणजे जखमेत भर घालणे होय.

पुढचे काही दिवस कोंबडीला एकटीला, शांत जागी, दिवसाकाठी आठ तासांहून अधिक उजेड मिळणार नाही अशा बेताने ठेवावे. उजेड कमी झाला की अंडी घालणे मंदावते आणि थकलेल्या स्नायूंना विसावा मिळतो. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण खरीच. परंतु येथे कोंबडी झाकल्याने अंडे लांबते आणि तिचा जीव वाचू शकतो.

यात यश येईलच, असे मात्र कोणी समजू नये. हा भाग पुन्हा बाहेर येणे नेहमीचे आहे. तसे घडल्यास टाका घालून तो आत राखण्याचा उपाय पशुवैद्य करू शकतो. मांस काळे पडले असेल, फाटले असेल किंवा दुर्गंधी येत असेल, तर वेदनारहित अंत हीच दया ठरते. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने देऊ नयेत. पशुवैद्याने ती दिली, तर त्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या कोंबडीची अंडी वा मांस खाऊ नये.

दिवा आणि शिंपला

उपचाराइतकेच कारणांकडे लक्ष हवे. वाढ पूर्ण होण्याआधी अंड्यावर आलेल्या तलंगेला हा विकार सहज जडतो, आणि तिला लवकर अंड्यावर आणणारी मुख्य गोष्ट म्हणजे उजेड. खुराड्यावर रात्रभर दिवा जळत असेल, तर कोंबडीच्या शरीराला दिवस संपल्याचे कळतच नाही. कारखान्यांच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांनी वेढलेल्या गावात खुराडे रात्री अंधारात राहील, अशी तजवीज मुद्दाम करावी लागते.

दुसरे कारण चुन्याच्या कमतरतेचे. एका अंड्याच्या कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते, आणि अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच लागते. खाडीकाठच्या घरात कालवे खाऊन उरलेल्या शिंपा धुऊन, वाळवून, भरडून वेगळ्या भांड्यात ठेवल्या तरी ही गरज बरीचशी भागते. तिसरे कारण जातीचे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते ऐंशी अंडी देते. पिंजऱ्यातल्या व्यापारी जातीच्या कोंबडीकडून तीनशेहून अधिक अंडी घेतली जातात. अशा जातीची कोंबडी अंगणात आणली, की अधिक अंड्यांबरोबर त्यांचा शरीरावरचा भारही घरात येतो.

किंमत आणि मोल

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. जी कोंबडी उद्या हंडीतच जायची, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मारणे आणि जिवंतपणी चोचींनी फाडले जाऊ देणे, यांत फरक आहे, हे या आक्षेपाला पहिले उत्तर. दुसरे उत्तर कायद्याने दिले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे तिसरे कलम ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर, त्या प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत यासाठी वाजवी उपाय योजण्याचे कर्तव्य टाकते. त्या कलमात प्राण्याची बाजारातली किंमत विचारलेली नाही.

व्यवस्था मात्र किमतीवरच चालते. मोठ्या कुक्कुटपालन केंद्रात हजारो पक्ष्यांमधील एक आजारी निघाला तर तो काढून टाकला जातो. तेथील वैद्यक कळपाचे असते, एकेका कोंबडीचे नव्हे. शहरातले खासगी दवाखाने प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांसाठी. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना असतो. पण गाव महापालिकेच्या हद्दीत गेले की ते जिल्हा परिषदेच्या कक्षेतून बाहेर पडते. मुंबईत १८८६ पासून चालत आलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे खरे. परंतु खाडी ओलांडून परळपर्यंत जाण्याचे भाडेच कोंबडीच्या किमतीला गाठते. गावपण हरवलेले आणि शहरपण अर्धवट लाभलेले असे जे अनेक गावठाण आज महाराष्ट्रात आहेत, त्यांच्या अंगणातील कोंबडी अशा रीतीने दोन्ही घरची पाहुणी होऊन उपाशी राहते.

हा प्रश्न मूठभर घरांचा आहे, असेही नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ही वाढ ४५ टक्क्यांहून अधिक होती. परसातले कुक्कुटपालन वाढावे म्हणून शासन पिल्ले वाटते. पिल्लांबरोबर प्राथमिक उपचाराचे दोन पानी पत्रकही घरोघर पोहोचले, तर त्याचा खर्च नगण्य ठरेल. महापालिकांनी आठवड्यातून एक दिवस गावठाणासाठी पशुवैद्य नेमणे अशक्य नाही. शाळेतील विज्ञानाच्या तासाला अंड्याची आकृती काढून घेतली जाते. ते अंडे घालताना कोंबडीच्या शरीरात काय घडते आणि काय बिघडू शकते, हे शिक्षकाने सांगितले, तर त्याच संध्याकाळी एखाद्या घरी ते ज्ञान उपयोगी पडेल.

मीठ, कोमट पाणी, अंधार आणि वेळेवर पोहोचलेला हात एवढ्यावर ज्याचा प्रारंभिक उपचार होऊ शकतो, अशा विकाराने तडफडत मरणारी कोंबडी दारिद्र्याने मरत नाही. ती अज्ञानाने आणि अनास्थेने मरते. आणि या दोहोंवर उपाय करायला पैसा फार थोडा लागतो.