दक्षिणमुखी ताटली

दर दिवाळीला या पानावर मी माझे काही ना काही गाऱ्हाणे घेऊन हजर होतो आणि वाचकही मोठ्या मनाने ते ऐकून घेतात. नळाचे झाले, भाडेकरूंचे झाले, गेल्या साली दाढदुखीचे झाले. यंदा पाळी टेलिव्हिजनची. प्रकरण तसे २०१९ सालातले, म्हणजे शिळेच. पण तेव्हा मी इतका चिडलो होतो की त्या वेळी लिहिले असते तर संपादकांना ते छापता आले नसते.

आमचे घर बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. साऱ्या पुण्याला वायरी, बल्ब, बटणे आणि नाना यंत्रांचे सुटे भाग पुरवणारी ती गल्ली. त्यामुळे आमच्याकडे विजेवर चालणारे काही बिघडले की पाहुण्यांना फार नवल वाटते. हलवायाच्या शेजारी राहणाऱ्याच्या घरी नेहमी पेढे असतात असा लोकांचा समज असतो, त्यातलाच हा प्रकार.

१९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून ते पुण्याला दिसू लागले. पेठेतल्या कौलांवर जेवढी म्हणून एरियले होती, तेवढ्या साऱ्यांची तोंडे सिंहगडाकडे. तानाजीनंतर त्या गडाकडे इतक्या निष्ठेने कोणी पाहिले नसेल. आमच्याकडे टीव्ही आला १९८२ साली, देशात रंगीत चित्रे सुरू झाली तेव्हा. अर्थात आम्ही घेतला तो काळा-पांढराच. लोक रंगीत घेऊ लागल्यामुळे तो स्वस्तात मिळाला. १९८७ साली ‘रामायण’ लागले आणि आमची मोठी काकू दर रविवारी टीव्हीपुढे निरांजन लावू लागली. पुढे गल्लीतला केबलवाला आला, त्याच्या वायरी या गच्चीवरून त्या पत्र्यावर गेल्या, आणि मग सरकारचा हुकूम आला की, पुण्यात ३१ मार्च २०१३ नंतर डब्यावाचून केबल नाही. तो डबा काही आमच्या घरी रमला नाही. तेव्हा चिरंजीवांनी टूम काढली : “बाबा, आपण डिशच घेऊ. रेकॉर्डिंग करणारा डबा मिळतो. आजीची मालिका चुकली तरी रात्री बघता येईल.”

ताटली बसवायला आलेल्या पोराने ती दक्षिणेकडे वळवली. उपग्रह असतात विषुववृत्ताच्या डोक्यावर, काही नाही तरी छत्तीस हजार किलोमीटर उंच. पुण्याहून पाहायचे तर दक्षिणेकडेच पाहावे लागते. हे आईला मुळीच पटेना.

“दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे तोंड करून घरात काही आणू नये.”

“अगं, मारुती नाही का दक्षिणमुखी? तसंच समज,” मोठी काकू म्हणाली, आणि पत्र्यावरच्या त्या ताटलीला कायमचे नाव पडले.

आता मोठ्या काकूविषयी सांगितले पाहिजे. ती माझ्या आईची थोरली जाऊ. दोघी एका घरात पन्नास वर्षे राहिल्या आणि पन्नास वर्षे भांडल्या. भांडायला त्यांना विषय लागत नसे. नळाला पाणी आले तरी भांडण, नाही आले तरी भांडण. पण ऋषिपंचमीला पहाटे चारला उठून दोघी एकाच छत्रीतून दगडूशेठ गणपतीपुढे अथर्वशीर्ष म्हणायला जात. हजारो बायका त्या पहाटे रस्त्यावर बसतात. २०१७ साली कुठल्याशा वाहिनीने तो सोहळा दाखवला. चिरंजीवांनी रेकॉर्डिंग लावून ठेवले होते. दोघी घरी आल्यावर आम्ही ते पाहू लागलो, तर एका ठिकाणी कॅमेरा फिरता फिरता थांबला आणि पडद्यावर आई आणि काकू! आई डोळे मिटून म्हणते आहे. काकूचे ओठ हलताहेत, पण लक्ष भलतीकडेच. ती हळूच हात लांब करून आईच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा करते, वर एकदा ओढून बघते, आणि पुन्हा गणपतीकडे वळते. अकरा सेकंद. चिरंजीवांनी मोजले.

“मी हिचा पदर सावरला म्हणून हिची लाज राहिली,” काकूने दहा-बारा घरी तरी सांगितले.

“सावरला कुठला? ओढलाच!” आई.

पुढच्या माघात काकू गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण सगळे लग्नामुंजींतले. फोटो म्हटला की ती तोफेच्या तोंडी दिल्यासारखी उभी राहत असे. हलती, वागती काकू म्हणून जी होती ती एवढीच. आईने रिमोटची नेमकी चार बटणे शिकून घेतली होती. दुपारी सगळे निजले की त्या चार बटणांनी ती काकूला बोलावून आणी. आम्हाला ठाऊक होते. कोणी बोलत नसे.

इथवर सारे ठीक चालले होते. मग दोन संकटे एकदम आली.

पहिले संकट १ फेब्रुवारी २०१९ चे. त्या दिवसापासून ज्याने त्याने आपल्याला हव्या त्या वाहिन्या निवडून तेवढ्याचेच पैसे द्यायचे, असा नियम झाला. कल्पना उत्तम. शंभर वाहिन्यांचे नुसते वहनमूल्य १३० रुपये, वर अठरा टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढे पैशाच्या वाहिन्यांचे भाव निराळे. स्पष्ट चित्राची एक वाहिनी घेतली तर ती दोन धरायची. आम्ही पाचजण कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सौ.ला स्वयंपाकाच्या वाहिन्या हव्या, कन्येला गाण्याच्या, चिरंजीवांना क्रिकेटच्या सगळ्या, मला बातम्यांची एखादी. रात्री अकराला बेरीज केली तर ती मागच्या बिलाहून मोठी निघाली. तेव्हा सर्वानुमते माझी बातम्यांची वाहिनी रद्द झाली.

दुसरे संकट विटा-सिमेंटचे. दक्षिणेकडचा शेजारचा वाडा पाडून तिथे इमारत उठत होती. तिसरा मजला होईपर्यंत काही वाटले नाही. चौथ्याला पडद्यावरची माणसे मध्येच चौकोन चौकोन होऊ लागली. पाचव्याचा स्लॅब पडला आणि दक्षिणमुखी ताटलीला दक्षिण दिसेनाशी झाली. आमचा पत्रा जुना. त्यावर उंच खांब उभारायला कोणी धजेना. दुसऱ्या कंपनीची ताटली घेऊन उपयोग नव्हता. तिलाही त्याच भिंतीकडे बघावे लागले असते. निमूटपणे केबलकडे परत जाणे आले.

जुनी कंपनी सोडण्यासाठी मी फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, तमुकसाठी तमुक दाबा. मी दाबत गेलो. मध्यंतरी सतार ऐकली. शेवटी एक गोड आवाज आला.

“सर, आपण आम्हाला का सोडून जात आहात?”

“मध्ये इमारत आली.”

“सर, मी आपल्याला एक महिना मोफत देऊ शकते.”

“इमारत महिन्यात जाणार नाही हो.”

हे संभाषण चार दिवसांत चार निरनिराळ्या आवाजांशी झाले. कोणालाही आधीच्याशी मी काय बोललो ते माहीत नव्हते. अखेर खाते बंद झाले, केबल आली, नवा डबा आला. जुना डबा मी टीव्हीखालीच ठेवला. वायर जोडली की आईला काकू दिसेल, अशा समजुतीने.

त्या दुपारी आईने चार बटणे दाबली. पडद्यावर यादी आली, ऋषिपंचमीचे नावही आले. पुढचे बटण दाबले तर अक्षरे उमटली, की आपले खाते बंद आहे. आईने तीनदा दाबून पाहिले. मग रिमोट माझ्या हातात देऊन ती म्हणाली, “यांनी जाऊबाईंना अडकवून ठेवलंय रे.”

मी डबा पिशवीत घालून तपकीर गल्ली गाठली. ओळखीच्या दुकानदाराने तो उघडला, आतली चकती दाखवली आणि परत बंद केला. “चकती काढून देतो साहेब, पण उपयोग नाही. आतलं सगळं कुलपात आहे. किल्ली या डब्यातल्या कार्डात, आणि कार्ड चालणार ते खात्यावर पैसे असतील तोवर.”

म्हणजे डबा माझा, वीज माझी, आई माझी आणि काकूही माझीच. फक्त किल्ली त्यांची! मोबाईलचा नंबर २०११ पासून देशभर तोच ठेवून कंपनी बदलता येते. डबाही असाच कोणत्याही कंपनीला चालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सरकारला केली ती २०२० साली. आमचे काम त्याआधीचे. आणि डबा इकडचा तिकडे चालला असता तरी कुलपातली काकू बाहेर आली असती की नाही, मला शंकाच आहे.

“पुन्हा पैसे भरा की महिन्याचे,” दुकानदार म्हणाला. “चालू झालं की पडद्यावरून मोबाईलवर उतरवून घ्या. फक्त एक आहे. कार्ड चालू करायचा हुकूम उपग्रहावरून येतो. ताटलीला एकदा आकाश दाखवावं लागेल.”

आकाश आता एकाच ठिकाणी होते : त्या नव्या इमारतीच्या गच्चीवर. मी चिटणिसांना भेटलो. त्यांनी लेखी अर्ज मागितला, दोन प्रतींत. ‘अर्जाचे कारण’ या रकान्यात काय लिहावे याचा मी बराच विचार केला आणि शेवटी ‘कौटुंबिक’ असे लिहिले. परवानगी आली : रविवारी सकाळी नऊ ते अकरा, गच्चीत चपला घालून येऊ नये.

रविवारी आमची वरात निघाली. पुढे ताटली घेऊन चिरंजीव, मागे टीव्ही धरून मी आणि दुकानदार, डबा कन्येच्या कडेवर, वायरीचे वेटोळे सौ.च्या खांद्यावर आणि सर्वांत मागे घडीची खुर्ची घेऊन आई. “तुम्ही काहीतरी गोंधळ घालाल,” असे म्हणून ती आलीच. दुकानदार ताटली बोटा-बोटाने फिरवत होता. दहा वाजता रेघ हिरवी झाली. मग हुकुमाची वाट. त्याला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी जेवढा देवाचा धावा केला तेवढा मुलांच्या परीक्षांनाही केला नव्हता.

चित्र लागले, पण उन्हात पडदा दिसेना. सौ. धावत जाऊन सतरंजी घेऊन आली. टीव्हीवर सतरंजी, तिच्याखाली आम्ही पाचजण, जुन्या फोटोवाल्यासारखे. मी मोबाईल धरला. आईने चार बटणे दाबली. काकूने हात लांब केला.

“बघ, बघ, आता ओढील हं,” आई म्हणाली. “ओढला!”

तेवढ्यात सतरंजीचे टोक वर झाले आणि चिटणिसांचे डोके आत आले. “अकरा वाजले,” ते म्हणणार होते. पण पडद्याकडे बघून थांबले. “या कोण?”

“माझ्या जाऊबाई,” आई म्हणाली. “बसा.”

हे सगळे त्या उतरवलेल्या चित्रात ऐकू येते, सौ.च्या शिंकेसकट. काकूचे ओठ हलताना अथर्वशीर्ष मात्र नीट ऐकू येत नाही.

महिन्याचे पैसे भरल्याने जुन्या कंपनीच्या दप्तरी मी परत आलेला ग्राहक ठरलो आणि महिना संपताच पुन्हा फोन आला. तो आईने उचलला. “सर का सोडून गेले” असे तिकडून विचारले असावे. आई शांतपणे म्हणाली, “आमचं काम झालं बाई. ताटली हवी तर घेऊन जा, पण सांडगे वाळले की.”